अती तिखट मिरची : घरची लागवड आणि तिखटपणाची पारख

मिरचीवाचून मराठी माणसाचे जेवण पुरे होत नाही. भाकरीबरोबरचा ठेचा असो, कोल्हापूरकडचा तांबडा रस्सा असो, वा कोकणातील माशाचे कालवण असो, मिरचीचे स्थान सर्वत्र अढळ आहे. लवंगी, संकेश्वरी, ब्याडगी, भिवापुरी, ज्वाला ही नावे घरोघरी परिचित आहेत. कोणती मिरची रंगासाठी घ्यावी आणि कोणती तिखटासाठी, हे कोणत्याही जाणत्या गृहिणीला सांगावे लागत नाही. तथापि गेल्या काही वर्षांत या परिचित कुटुंबात काही नव्या पाहुण्यांची भर पडली आहे. आसाम व नागालँडची भूत जोलोकिया आणि तिच्याही पुढे गेलेल्या परदेशी जाती आता शहरांतील गच्चीवर आणि गावांतील परसात दिसू लागल्या आहेत. अशा मिरच्यांचे बी महाग मिळते आणि त्याच्या पाकिटावर लक्षावधी एककांचे आकडे छापलेले असतात.

या आकड्यांचा अर्थ काय, आपल्या कुंडीत आलेले फळ खरोखर तेवढे तिखट असते काय, आणि ते घरच्या घरी कसे पडताळून पाहावे, हे प्रश्न त्यातूनच निर्माण होतात. त्यांची उत्तरे केवळ कुतूहल शमविण्यापुरती नाहीत. बियाण्यावर केलेला खर्च वाया न जावा, आणि अती तिखट फळाचा अजाणतेपणी झालेला वापर कोणाच्या जिवावर न बेतावा, यासाठीही ती ठाऊक असणे आवश्यक आहे.

मूळ आणि प्रसार

मिरची ही मूळची भारतातील नव्हे. तिची जन्मभूमी अमेरिका खंडात आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय दर्यावर्दी तेथे पोहोचल्यानंतर तिचा जगभर प्रसार झाला, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. तत्पूर्वी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले यांचा वापर होत असे. ‘मिरची’ हे नावही ‘मिरी’शी नाते सांगते.

मनुष्याने लागवडीखाली आणलेल्या मिरचीच्या मुख्य जाती पाच आहेत. आपल्या नेहमीच्या बहुतेक मिरच्या त्यांपैकी ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ या जातीत मोडतात. जगातील अती तिखट मिरच्या मात्र बहुतांशी ‘कॅप्सिकम चायनेन्स’ या जातीच्या आहेत. या नावातील ‘चायनेन्स’ म्हणजे चीनची, हा एक जुना गैरसमज होय. १७७६ साली हे नाव देणाऱ्या जॅकिन या शास्त्रज्ञाला ही मिरची चीनमधून आली असे वाटले होते. प्रत्यक्षात तीही अमेरिकेचीच आहे.

भारताच्या ईशान्य भागात हीच जात शतकानुशतके रुजली. तेथे ‘कॅप्सिकम फ्रुटेसन्स’ या दुसऱ्या जातीशी तिचा काही प्रमाणात संकर झाला आणि त्यातून भूत जोलोकिया निर्माण झाली. असमिया भाषेत जोलोकिया म्हणजे मिरची. ‘भूत’ हा शब्द ‘भोट’ अर्थात भूतानकडील या अर्थाच्या शब्दावरून आला, असे सांगितले जाते. नागालँडमध्ये तिला राजा मिर्चा अथवा नागा मिर्चा, तर मणिपूरमध्ये उमोरोक म्हणतात. नागा मिर्चाला २००८ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, आणि २०२१ साली नागालँडमधील राजा मिर्चाची पहिली खेप गुवाहाटीमार्गे लंडनला रवाना झाली. हा निर्देशांक त्या प्रदेशातील शेतकऱ्यांचा हक्क आहे. पुण्याच्या गच्चीवर अथवा सांगलीच्या मळ्यात पिकविलेल्या मिरचीला ‘नागा मिर्चा’ म्हणून बाजारात विकता येत नाही. घरच्यापुरती लागवड करणाऱ्यानेही ही मर्यादा ध्यानी ठेवणे उचित ठरेल.

तिखटपणा कोठे असतो ?

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. फळाच्या आत ज्या पांढऱ्या गाभ्याला बिया चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यात तिखट द्रव्य तयार होते. बियांना ते केवळ लागलेले असते. या द्रव्याला ‘कॅप्सेसिन’ असे नाव १८७६ साली जॉन थ्रेश या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दिले. कॅप्सेसिन आणि त्याची भावंडे असलेली काही द्रव्ये मिळून मिरचीचा तिखटपणा सिद्ध होतो.

साध्या मिरचीतील पांढरा गाभा व बिया काढून टाकल्या की तिचा तिखटपणा बराच उतरतो. भूत जोलोकियासारख्या मिरचीला हा उपाय लागू पडत नाही. अती तिखट जातींमध्ये तिखट द्रव्याच्या ग्रंथी गाभ्याप्रमाणेच फळाच्या भिंतीच्या आतील बाजूसही पसरलेल्या असतात. फळ उभे चिरल्यास त्या पिवळसर तेलकट थेंबांसारख्या दिसतात. म्हणूनच अशा मिरचीचा कोणताही तुकडा निरुपद्रवी समजू नये.

तिखट ही वस्तुतः चव नव्हे, ती दाहाची संवेदना आहे. जिभेवरील व त्वचेतील ज्या ग्राहकांना सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढची उष्णता जाणवते, तेच ग्राहक कॅप्सेसिनमुळेही उद्दीपित होतात. त्यामुळे तोंड भाजल्यासारखे वाटते. हा ग्राहक शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पक्ष्यांना कॅप्सेसिनचा दाह जाणवत नाही. ते मिरच्या खुशाल खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. बी चावून नष्ट करणारे उंदरासारखे प्राणी मात्र मिरचीपासून दूर राहतात. वनस्पतीच्या दृष्टीने तिखटपणाचा उपयोग तो हाच.

मोजमापाची कहाणी

तिखटपणा मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने केला. वाळलेल्या मिरचीचा मद्यार्कात काढलेला अर्क साखरेच्या पाण्यात अधिकाधिक पातळ करीत जावयाचा आणि तो पाच जणांना चाखावयास द्यावयाचा, अशी ती पद्धत होती. पाचांपैकी तिघांना जेमतेम दाह जाणवेल त्या पातळीला अर्क किती पट पातळ झाला, तो आकडा म्हणजे त्या मिरचीची स्कोव्हिल एकके होत. उदाहरणार्थ, एक भाग मिरची पन्नास हजार पट पातळ करूनही जेमतेम जाणवली, तर ती पन्नास हजार एककांची.

या पद्धतीत माणसाच्या जिभेवर सर्व भिस्त होती, आणि जीभ तर चटकन बधिर होते. आज प्रयोगशाळेत यंत्राच्या साहाय्याने कॅप्सेसिन व तत्सम द्रव्यांचे प्रमाण थेट मोजले जाते. वाळलेल्या मिरचीच्या दहा लाख भागांत अशा द्रव्यांचा एक भाग असल्यास तो सुमारे १६ स्कोव्हिल एककांइतका धरतात. शुद्ध कॅप्सेसिन म्हणजे १ कोटी ६० लाख एकके. या हिशेबाने १० लाख एककांच्या मिरचीत वाळलेल्या वजनाच्या सुमारे सव्वासहा टक्के तिखट द्रव्य असते. पन्नास हजार एककांच्या मिरचीत हेच प्रमाण सुमारे एक तृतीयांश टक्का पडते.

भूत जोलोकियाच्या असाधारण तिखटपणाकडे जगाचे लक्ष वेधले ते तेजपूर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने. तेथील शास्त्रज्ञांनी २००० साली या मिरचीचा तिखटपणा ८,५५,००० एकके असल्याचे नोंदविले. पुढे अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठात तिची चाचणी झाली आणि १०,०१,३०४ एककांच्या आकड्यासह २००७ साली गिनेस विक्रमग्रंथात जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची नोंद झाली. हा मान तिच्याकडे फार काळ राहिला नाही. २०१३ साली ‘कॅरोलिना रीपर’ ही अमेरिकन मिरची पुढे गेली. २०१७ साली तिची सरासरी १६,४१,१८३ एकके नोंदविण्यात आली. २०२३ साली ‘पेपर एक्स’ या मिरचीने २६,९३,००० एककांसह तिलाही मागे टाकले.

एकच बी, निराळी माती

या आकड्यांमागे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. तिखटपणा हा केवळ बियाण्याचा गुण नाही. हवा, पाणी, माती आणि फळाचे वय यांचाही त्यात मोठा वाटा असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तेजपूरची मिरची तेजपूर येथे आणि मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर येथे वाढवून पाहण्यात आली. ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत तिचा तिखटपणा निम्म्याहूनही अधिक घटला. बी तेच, परंतु फळ निराळे, असा हा अनुभव होता.

महाराष्ट्रापुरता विचार करता, कोकणातील दमट हवा ईशान्य भारताच्या हवेला काहीशी जवळची आहे. मराठवाडा, खानदेश वा विदर्भ येथील कोरडी व प्रखर उष्ण हवा तिच्याहून फार वेगळी आहे. तेव्हा पाकिटावरील आकडा आपल्या कुंडीला जसाच्या तसा लागू होईल, अशी अपेक्षा बाळगणे योग्य नाही. शिवाय मिरचीत परागीभवन काही प्रमाणात कीटकांमार्फत होते. शेजारच्या वाफ्यातील ढोबळी मिरचीचा पराग लागून झालेल्या बियांतून येणारे पुढील पिढीचे झाड मूळ जातीचे राहत नाही. नाव भूत जोलोकियाचे आणि फळ मामुली, असा प्रकार घडतो तो बहुधा यामुळेच. आपल्या दारी आलेली मिरची किती तिखट, हे ठरविण्याचा विश्वासार्ह मार्ग एकच, तो म्हणजे ओळखीच्या मिरचीशेजारी ती वाढवून दोहोंची तुलना करणे.

बी आणि रोपे

अती तिखट जातींचे बी सावकाश उगवते. साध्या मिरचीला आठ-दहा दिवस पुरत असले, तरी या जातींना दोन ते चार आठवडे, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. उगवणीसाठी २५ ते ३० अंश सेल्सियस तापमान अनुकूल असते. महाराष्ट्रात एप्रिलच्या अखेरीस वा मेच्या आरंभी सावलीत बी पेरावे. म्हणजे जूनअखेर ते जुलैच्या मध्यास रोपे लावणीयोग्य होतात, पावसाळा सरताना झाडे फुलावर येतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून फळे पिकू लागतात.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ठेवावे. पसरट कुंडीत अथवा खोक्यात गाळलेली माती, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू समप्रमाणात घेऊन त्यात अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. ट्रायकोडर्माची भुकटी मातीत मिसळल्यास कोवळी रोपे कोलमडण्याचा रोग कमी होतो. पाणी झारीने वा फवाऱ्याने बेताचे द्यावे. माती ओलसर असावी, चिखल होऊ देऊ नये. उगवणीनंतर सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा ठिकाणी रोपे ठेवावीत.

रोपांना सहा ते आठ पाने फुटली की ती सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या व तितक्याच खोलीच्या कुंडीत एकेक लावावीत. कुंडीला तळाशी भोके असणे अत्यावश्यक आहे. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत वा गांडूळखत आणि एक भाग वाळू, त्यात मूठभर निंबोळी पेंड, असे मिश्रण पुरेसे होते. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास झाड पानांनी भरते आणि फळांना मुकते. दुपारच्या कडक उन्हात हलकी सावली द्यावी. पावसाच्या झोडपण्यापासून रोपे वळचणीला ठेवून जपावीत. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेल्यास अथवा रात्री फार थंड झाल्यास फुले गळतात. अशा वेळी औषधांच्या मागे न लागता कुंडीची जागा बदलणे अधिक हिताचे असते.

मिरचीचा नेहमीचा शत्रू म्हणजे चुरडा-मुरडा, यालाच कोठे कोठे बोकड्या असेही म्हणतात. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्यामुळे पाने आकसतात. पाने कडेने वर वळून वाटीसारखी झाली तर बहुधा फुलकिडे, आणि खाली वळली तर कोळी, अशी साधारण खूण आहे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकल्यास बारीक फुलकिडे दिसतात. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्या अर्काची सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारणी करावी. ती आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा करावी. विषाणूमुळे पूर्णपणे खुरटलेले झाड मात्र उपटून टाकणेच श्रेयस्कर, अन्यथा शेजारच्या झाडांनाही लागण होते. तंबाखू हाताळलेल्या हातांनी रोपांना स्पर्श करू नये. तंबाखूवरील एक विषाणू मिरचीलाही बाधतो.

तुलनेची बाग

दोन मिरच्यांची तुलना न्याय्य व्हावयाची, तर दोघींना सारखीच वागणूक मिळाली पाहिजे. प्रत्येक जातीची किमान तीन झाडे असावीत. सर्वांना एकाच मापाची कुंडी, एकाच ढिगातील माती, एकाच वेळी खत आणि सारखेच पाणी द्यावे. एका कोपऱ्यातील झाडांनाच अधिक ऊन मिळू नये म्हणून दर आठवड्यास कुंड्यांच्या जागा बदलाव्यात. या बागेत एक परिचित मिरची, उदाहरणार्थ घरची लवंगी, अवश्य असावी. सोनाराच्या तराजूत जसे वजनाचे माप, तशी ती तुलनेचे माप होय.

पुढील हंगामासाठी बी धरावयाचे असल्यास फुले उमलण्यापूर्वीच त्या फांदीवर पातळ मलमलीची पिशवी बांधावी. फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा. त्याच फळाचे बी ठेवावे. असे केले म्हणजे जात शुद्ध राहते.

फळे तोडताना त्यांचे वय सारखे असले पाहिजे. फळ वाढत असताना तिखट द्रव्य वाढत जाते आणि फळ पूर्ण वाढीस पोहोचण्याच्या सुमारास ते भरीस येते. म्हणून एकीची हिरवी व दुसरीची पिकलेली मिरची घेऊन तुलना करू नये. पूर्ण रंग आलेली फळेच घ्यावीत. एकाच झाडावरील फळांतही कमीअधिक तिखटपणा असतो, यास्तव प्रत्येक झाडावरून चार-पाच फळे घेऊन ती एकत्र करावीत. ओल्या मिरचीत बहुतांश पाणीच असते आणि जातीजातीत त्याचे प्रमाण निरनिराळे असते. त्यामुळे फळे देठ काढून, कडकडीत वाळवून, मगच वजन करावे.

घरगुती मोजमाप

प्रयोगशाळेचे यंत्र घरी नसले, तरी स्कोव्हिलच्या पद्धतीचे तत्त्व घरी वापरता येते. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र उत्तम विरघळते. यासाठी घरी तेलाचा वापर सोयीचा ठरतो.

वाळलेल्या मिरचीची एक ग्रॅम पूड शंभर मिलिलिटर शेंगदाण्याच्या वा सूर्यफुलाच्या तेलात घालावी. हे भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास ठेवावे, रात्रभर मुरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी कापडातून गाळावे. हे झाले पहिल्या क्रमांकाचे तेल. त्यातील दहा मिलिलिटर घेऊन त्यात दहा मिलिलिटर साधे तेल मिसळले की दुसऱ्या क्रमांकाचे तेल तयार होते. त्याची तीव्रता निम्मी असते. दुसऱ्यातून तिसरे, तिसऱ्यातून चौथे, असे करीत बारा बाटल्या भराव्यात. बाराव्या बाटलीतील तेल पहिल्याच्या २,०४८ पट सौम्य असते. प्रत्येक जातीसाठी अशी स्वतंत्र मालिका करावी.

चाखण्याचा क्रम नेहमी सौम्याकडून तीव्राकडे असावा. बाराव्या बाटलीपासून आरंभ करावा, पावाच्या लहान तुकड्यावर एकच थेंब घ्यावा आणि एक मिनिट थांबावे. दाह जाणवला नाही तर अकरावी बाटली घ्यावी. ज्या बाटलीला प्रथम दाह जाणवेल तिचा क्रमांक लिहून तेथेच थांबावे. पुढची बाटली चाखू नये. या क्रमामुळे जीभ बधिर होत नाही आणि कोणासही अपाय होत नाही. अती तिखट मिरचीचे पहिल्या क्रमांकाचे तेल चाखण्याची वेळच येत नाही, व ती येऊही देऊ नये. चाखणाऱ्यांना कोणती मिरची कोणती, हे सांगू नये. नाव कळले की जीभ नावाप्रमाणे निकाल देते. पाच जणांनी चाखल्यास त्यांचे क्रमांक चढत्या क्रमाने मांडून मधला, म्हणजे तिसरा आकडा ग्राह्य धरावा. दोन जातींच्या चाचण्या एकाच दिवशी न घेता निराळ्या दिवशी घेणे इष्ट होय.

आता हिशेब सोपा आहे. समजा, लवंगीचा दाह पाचव्या बाटलीला आणि नव्या मिरचीचा नवव्या बाटलीला प्रथम जाणवला. फरक चार बाटल्यांचा. प्रत्येक बाटलीस तीव्रता निम्मी होते, म्हणून एकाला दोनाने चार वेळा गुणावयाचे. दोन, चार, आठ, सोळा. याचा अर्थ नवी मिरची लवंगीच्या सुमारे सोळा पट तिखट आहे. फरक एकाच बाटलीचा असेल तर मात्र ‘दुप्पट’ असा निष्कर्ष घाईने काढू नये. माणसाच्या जिभेच्या मानाने तेवढी चूक सहज संभवते. अशा वेळी चाचणी पुन्हा घ्यावी.

या आकड्यांना स्कोव्हिल एकके म्हणता येणार नाही. तेलातील दाह पाण्यातील दाहापेक्षा कमी जाणवतो. घरची चाचणी सांगते ते दोन मिरच्यांमधील प्रमाण, आणि घरच्या उपयोगाला तेवढे पुरेसे असते. नवी मिरची सोळा पट तिखट असेल, तर ज्या भाजीला सोळा चिमटी लवंगीची पूड लागते तिला एक चिमूट पुरेल, हे त्यावरून कळते. इतकी अल्प पूड पदार्थात सारखी मिसळत नाही. त्याऐवजी तिचे सौम्य केलेले तेल थेंबाने वापरणे सोयीचे आणि निर्धोक ठरते.

सावधगिरी

अती तिखट मिरची हाताळताना रबरी हातमोजे घालावेत. हात केवळ पाण्याने धुतल्यास कॅप्सेसिन निघत नाही. प्रथम हातांना खाद्यतेल चोळावे, मग साबणाने धुवावे. मोजे काढल्यावरही डोळ्यांना हात लावू नये. अशा मिरच्या वाळवणे व कुटणे ही कामे मोकळ्या हवेत, वाऱ्याची दिशा पाहून, नाकातोंडावर कापड बांधून व डोळ्यांना चष्मा लावून करावीत. बंद स्वयंपाकघरात त्या तव्यावर भाजू नयेत अथवा कडकडीत फोडणीत टाकू नयेत. उठणारा ठसका दम्याच्या रुग्णास धोकादायक ठरू शकतो. तोंडाची आग झाल्यास पाण्याचा उपयोग होत नाही, दूध वा दही घ्यावे. वाळवणाच्या गच्चीवर लहान मुलांना फिरकू देऊ नये. लहान मुले, गरोदर स्त्रिया, दम्याचे, हृदयविकाराचे अथवा जठरव्रणाचे रुग्ण यांना चाचणीत सामील करू नये.

पैजेखातर अख्खी मिरची खाण्याचा प्रकार तर सर्वस्वी टाळावा. अमेरिकेत एका स्पर्धेत कॅरोलिना रीपर खाल्लेल्या ३४ वर्षांच्या पुरुषास असह्य डोकेदुखी झाली, आणि त्याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याचे तपासणीत आढळले, अशी नोंद २०१८ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २०२३ साली तेथेच एका १४ वर्षांच्या मुलाचा अती तिखट मिरचीची पूड लावलेला पदार्थ आव्हान म्हणून खाल्ल्यानंतर मृत्यू झाला. त्याला जन्मजात हृदयदोष होता, असे शवचिकित्सेत निष्पन्न झाले. आपल्या शरीरात असा दोष दडलेला नाही, याची खात्री आव्हान स्वीकारणाऱ्या कोणालाच नसते.

नोंदवहीचे महत्त्व

पेरणीची तारीख, उगवलेल्या बियांची संख्या, पहिले फूल, पहिली तोड, फळांचे ओले व वाळलेले वजन, आणि चाचणीतील बाटलीचा क्रमांक एवढ्या नोंदी एका साध्या वहीत ठेवल्या, तर दोन-तीन हंगामांत मोलाची माहिती हाती येते. आपल्या गावच्या हवेत कोणती जात तग धरते, कोणत्या महिन्यातील फळ अधिक तिखट निघते, विकत आणलेले बी नावाप्रमाणे होते की नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. शेजारच्या दोन-चार घरांनी एकाच बियाण्याची झाडे लावून अशा नोंदी ठेवल्यास त्यांचे मोल आणखी वाढेल. शाळेच्या परसबागेत मुलांनी लागवडीच्या व वाढीच्या नोंदी ठेवाव्यात आणि हाताळणी व चाखणी मोठ्यांनी करावी.

अशी तुलना केल्यावर कित्येकदा एक अनपेक्षित गोष्टही प्रत्ययास येते. तिखटपणात मागे पडलेली लवंगी वा भिवापुरी वासात, रंगात आणि ठेच्याच्या चवीत पाहुण्या मिरचीला मागे सारते. ईशान्येच्या या पाहुणीला आपल्या बागेत अवश्य जागा द्यावी, तिचा तिखटपणा मोजूनमापून घ्यावा, परंतु त्यासाठी घरच्या मिरचीचे बी जपण्याची जुनी रीत मोडू नये. ज्या घरात दोन्हींचे बी कागदाच्या पुडीत, नावनिशी व तारखेसह जपून ठेवले जाते, त्या घरच्या पुढील हंगामाची निम्मी तयारी तेथेच झालेली असते.